टेकवणी

कस्तुरी फडतरेचा उजवा हात दोन ठिकाणी होता. एक तिच्या खांद्याला, सगळ्यांचा असतो तसा. दुसरा चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर, एका सहाचाकी यंत्राच्या पोटात. खांद्याच्या हाताने ती भाजी चिरायची, नवऱ्याशी पंजा लढवायची आणि चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या पलीकडे असलेल्या चांद्र सुरक्षा दलाच्या तळावर दिवसभर यंत्राची दांडी धरून बसायची. चंद्रावरच्या हाताने एक बाई मारली होती.

त्याबद्दल आता तिला चौकशी मंडळापुढे उभं राहायचं होतं. प्रश्न एकच विचारणार होते. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच द्यायचं होतं, आणि दोन्हींपैकी कुठलंही द्यायची तिची छाती होत नव्हती.

भानगड सगळी अंतराची होती. चंद्र गच्चीवरून दिसतो म्हणून आपल्याला शेजारचा वाटतो, पण प्रकाशालाही तिथून इथे यायला सव्वा सेकंद लागतो, आणि त्याहून लवकर निरोप पोचवायची सोय या विश्वात नाही. यंत्राच्या कॅमेऱ्याने पाहिलेलं पठारावर दिसायला सव्वा सेकंद, पठारावरून सुटलेला हुकूम यंत्राला कळायला आणखी सव्वा. अडीच सेकंदांत साधा खड्डा चुकवता येत नाही, अंगावर येणारा माणूस तर लांबची गोष्ट. पहिल्या वर्षी चांद्र सुरक्षा दलाची निम्मी यंत्रं खड्ड्यांत पडून भंगारात गेली.

त्यावर तोडगा निघाला तो पूर्वहस्ताचा. चालकाला एक पातळ मोजा द्यायचा आणि वर्ष-दीड वर्ष त्याच्या हाताचा प्रत्येक हिसका, प्रत्येक दचकणं, प्रत्येक चुळबुळ टिपून घ्यायची. नुसती तळावर नाही, घरीसुद्धा. कस्तुरीने तो मोजा घालून डास मारले होते, उतू जाणारं दूध उतरवलं होतं, फुगा फुटल्यावर कपाळावर हात मारला होता. कणीक मळताना तेवढा काढायची. या सगळ्यातून तिच्या हाताचा एक नमुना तयार झाला, तो यंत्रात बसवला, आणि मोजा परत घेतला. पुढ्यात काही घडलं की कस्तुरी काय करील याचा अंदाज तो नमुना बांधायचा आणि जागच्या जागी करून मोकळा व्हायचा. चित्र मागाहून पठारावर यायचं, आणि कस्तुरी दर वेळी मनाशी म्हणायची, अरेच्चा, मी हेच करणार होते. तळावर सगळे पूर्वहस्ताला ‘जुळी’ म्हणत. सुरुवातीला तिला आपल्या जुळीचं कोण कौतुक होतं.

कायदा मात्र जुन्या वळणाचा होता. यंत्राने आपल्या मनाने माणूस मारायचा नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. दलाच्या वकिलांनी त्यातून पळवाट काढली. जुळीला स्वतःचं मन नाही, ती मालकाचाच हात चालवते. म्हणून जुळीकडून पहिलं माणूस मेलं की मालकाने मंडळापुढे येऊन म्हणायचं, हा हात माझाच, मीही हेच केलं असतं. एवढं म्हटलं की गोळी कायदेशीर आणि जुळी प्रमाणित. मग तिच्या हव्या तेवढ्या नकला काढायला मोकळीक. कस्तुरीच्या हाताची नक्कल घालायची चाळीस यंत्रं तयार होऊन उभी होती. तिने हो म्हटलं की पुढच्या यानाने ती शीतकुंडाला जाणार होती. नाही म्हटलं तर जुळी मोडीत निघणार, योजना गुंडाळली जाणार आणि तिची नोकरी जाणार.

शीतकुंड ही ध्रुवाजवळच्या एका कायमच्या अंधाऱ्या विवरातली वस्ती. तिथे हजारभर माणसं बर्फ खणत होती, कारण चंद्रावर पाणी आणि यानांचं इंधन दोन्ही त्या बर्फातूनच निघत होतं. सहा वर्षांच्या करारावर गेलेली माणसं. सहा वर्षं संपली तेव्हा वसाहत मंडळाच्या डॉक्टरांनी सांगितलं की कमी वजनात राहून तुमची हाडं ठिसूळ झालीत, पृथ्वीवर परत यायला तुम्ही लायक नाही, तेव्हा करार आपोआप पुढे चालू. लोकांनी अर्ज केले, काम बंद ठेवलं, आणि शेवटी बर्फ वितळवण्याचा प्रकल्पच ताब्यात घेतला. वर्तमानपत्रांनी त्याला बंड म्हटलं. दलाने आपली यंत्रं प्रकल्पाभोवती उभी केली आणि बंडखोरांचे रेडिओ बंद पाडले, म्हणजे त्यांना आपसात काही ठरवता येऊ नये.

त्या दिवशी कस्तुरीचं यंत्र प्रकल्पाच्या दारासमोर उभं होतं. दार उघडलं आणि पांढऱ्या पोशाखातलं एक माणूस एकटंच बाहेर आलं. दोन्ही हात पसरलेले, रिकामे. ते थेट यंत्राकडे चालत निघालं. कस्तुरीने लाल दिवा लावला, तरी ते थांबेना. त्याच आठवड्यात असंच जवळ आलेल्या एकाने दुसऱ्या एका यंत्राला खाणीतला सुरुंग चिकटवला होता, त्यामुळे कुणालाही हाताच्या अंतरावर येऊ द्यायचं नाही असा हुकूम होता. कस्तुरीने बटणावर बोट ठेवलं. त्या बटणाला दोन टप्पे होते. अर्ध्यापर्यंत ते मऊपणे खाली जायचं, तिथे बारीकसा अडथळा लागायचा, आणि तो ओलांडला की गोळीचा हुकूम सुटायचा. अर्ध्याची नोंद कुठेच होत नसे.

पांढरं माणूस यंत्रापाशी आलं, वाकलं, आणि त्याने आपलं शिरस्त्राण यंत्राच्या छातीला लावायला पुढे केलं. त्याच क्षणी पडद्यावर गोळीचा उजेड झाला. सव्वा सेकंदापूर्वी सगळं उरकलेलं होतं. कस्तुरीने खाली पाहिलं तेव्हा बटण तिच्या बोटाखाली अर्धं गेलेलं होतं, आणि बोट उजेड दिसायच्या आधीच दाबायला निघालं होतं. हे तिला जसं आपलं नाव ठाऊक होतं तसं ठाऊक होतं. तो बारीक अडथळा तिने ओलांडला असता का, हे मात्र ठाऊक नव्हतं आणि आता कधी कळणारही नव्हतं. जुळीने घाई केली होती.

मेलेल्या बाईचं नाव आम्रपाली रामटेके असल्याचं दोन दिवसांनी कळलं.

तेव्हापासून कस्तुरीचं बोट थाऱ्यावर नव्हतं. दिव्याचं बटण असो, दारावरची बेल असो, मिक्सर असो, ते अर्ध्यावर जाऊन थबकायचं. लिफ्टमध्ये ती नुसतीच उभी राहायची आणि मागची माणसं वैतागून हात पुढे घालायची. जेवताना उठून फेऱ्या मारायची. नवरा उमेश हे सगळं पाहत होता. तो शाळेत कबड्डी शिकवायचा, आणि अस्वस्थ माणसाला पळवून आणलं की बरं वाटतं एवढंच औषध त्याला येत होतं. तो तिला सकाळी टेकडीवर पळायला न्यायचा. ती पळायची आणि तशीच अस्वस्थ परत यायची.

एका रविवारी तिने त्याला दिवाणखान्याच्या टोकाला उभं केलं, स्वतः सोफ्यावर टीव्हीचा रिमोट घेऊन बसली आणि म्हणाली, हात पसरून माझ्याकडे चालत ये आणि डोकं माझ्या छातीला लाव. उमेशला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. तो हसत हसत आला. त्याने डोकं पुढे केलं आणि टीव्ही लागला. पडद्यावर कुणीतरी वांगी तळत होतं.

“परत,” कस्तुरी म्हणाली.

तो परत गेला, परत आला, टीव्ही बंद झाला. मग लागला. मग बंद झाला. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. उमेशचं हसू केव्हाच मावळलं होतं. पुढे पुढे बोट थांबायला लागलं, तशी ती आनंदाने उठून उभी राहिली आणि म्हणाली, बघ, थांबलं, मी थांबले असते.

उमेश जमिनीवर बसला. “कस्तू, मला तू ओळखतेस,” तो म्हणाला. “तिला ओळखत नव्हतीस. मग ही परीक्षा कसली?”

तिने रिमोट खाली ठेवला. पण त्या दिवसानंतर तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. उमेश मागून किंवा बाजूने जवळ यायचा असला की दोन पावलं अलीकडेच खोकायचा. आपण असं करतो हे बहुधा त्यालाही कळत नव्हतं. तिला ते कुणी थोबाडीत मारल्यासारखं लागायचं, आणि त्याला सांगायचीही सोय नव्हती.

चौकशीच्या आदल्या दिवशी कर्नल सबनीसांनी तिला बोलावून घेतलं. सबनीस वाईट नव्हते. त्यांनी तिला चहा पाजला, घरचं विचारलं, मग खिडकीतून पवनचक्क्यांकडे बघत समजावत राहिले. हुकूम स्पष्ट होता, धोका खरा होता, तिच्या जागी कुणीही हेच केलं असतं. हो म्हटल्याने तिच्यावर काहीच येणार नव्हतं, उलट बढतीच होती. दुसरा प्रकल्पही आता बंडखोरांनी घेतला होता, आणि चाळीस यंत्रं गेली की महिन्याभरात प्रकरण मिटणार होतं.

“सर, चाळीस ठिकाणी माझा हात असेल,” कस्तुरी म्हणाली.

“तुमचा हात चांगला आहे, फडतरे,” सबनीस म्हणाले. “खरं काय ते सांगा, बस. तुम्ही गोळी झाडली असती की नसती?”

घोडं नेमकं तिथेच अडत होतं. खरं सांगायचं तर हो म्हणायला हवं होतं, निदान अर्धं हो, आणि मंडळापुढे अर्ध्याला जागा नव्हती. खरं बोललं की चाळीस यंत्रं सुटणार. ती थांबवायची तर नाही म्हणायचं, म्हणजे चौकशीला येणार असलेल्या त्या बाईच्या नवऱ्यादेखत सांगायचं की मी नाही हो त्यातली, मी थांबले असते. इतकं निर्लज्ज खोटं आपण आजवर बोललो नाही, असं तिला वाटलं. ती चहा अर्धा टाकून उठली.

चौकशी साताऱ्यात एका सभागृहात होती. आम्रपालीचा नवरा, देवानंद रामटेके, वस्तीचा प्रतिनिधी म्हणून, चौकशीपुरता तह करून सोडलेल्या यानाने खाली आला होता. मूळचा चंद्रपूरचा, कोळशाच्या खाणीतल्या घराण्यातला. पृथ्वीवर त्याचं वजन सहापट झालेलं. चाकाच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेला, छातीला आधार, गळ्याभोवती जाड पट्टा, कारण स्वतःचं डोकं त्याला पेलत नव्हतं. श्वासही मोजून मापून घेत होता. सकाळचा वेळ नकाशे आणि साक्षींत गेला. जेवणाच्या सुट्टीत कस्तुरी मागच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती, तेव्हा खुर्चीच्या मोटारीचा बारीक आवाज जवळ आला.

तो शिव्या देईल अशी तिची अपेक्षा होती. त्यासाठी ती तयार होती, किंबहुना तिला त्या हव्याच होत्या.

“त्या यंत्रात तुमीच होत्या न?” त्याने विचारलं.

कस्तुरीने मान हलवली.

“मंग तिनं काय म्हटलं, थेवढं सांगा मले.”

तिला प्रश्नच कळेना. तेव्हा त्याने दम खात खात उलगडून सांगितलं. चंद्रावर हवा नाही, हवा नाही म्हणून आवाज नाही. रेडिओ बंद पडला तर बोलायचा एकच मार्ग उरतो, शिरस्त्राणाला शिरस्त्राण टेकवायचं. मग आवाज काचेतून आणि धातूतून पलीकडे जातो. खाणीत सुरुवातीला ती अडचणीची सोय होती, पुढे रीत झाली. सगळ्यांनी ऐकायचं ते रेडिओवर बोलायचं. माफी, वचन, भांडण मिटवणं, निरोप घेणं हे सगळं डोकं टेकवून. तिला टेकवणी म्हणत. कुणी डोकं पुढे केलं तर मागे सरायचं नाही, मग तो वैरी का असेना. टेकवणीत ऐकलेलं चारचौघांत बोलायचं नाही. आणि टेकवणी करून कुणी मेलं, तर ऐकणाऱ्याने ते शब्द त्याच्या घरी पोचवायचे.

“तुमी आमचे रेडिओ बंद केले,” रामटेके म्हणाला. “मंग थे दुसरं काय करन? आमाले वाटे का यंत्रात मानूस बसते. आत कोनी असन तर आयकन, म्हने. म्हनून गेली.”

कस्तुरी त्यात नव्हती. यंत्रात ऐकणारं कुणीच नव्हतं, नुसता एक हात होता. तिने तसं सांगितलं. मला काही ऐकू आलं नाही, मी इथे होते, या पठारावर.

रामटेकेने गळ्याचा पट्टा सारखा केला. मग म्हणाला, “तिचं काय बोलाचं ठरलं होतं, ते मले ठाव हाये. प्रकल्प सोडतो, बंदुका मांगं घ्या, असं सांगाले गेली होती. पन ठरलेलं सांगते, का आखरीले अजून काही बोलते मानूस, ते आयकाचं होतं मले.”

म्हणजे ती शरण यायला निघाली होती. दुसरा प्रकल्प, चाळीस यंत्रं, पुढचं सगळं त्या एका क्षणातून निघालं होतं. सभागृहाची घंटा झाली, आतून नावाचा पुकारा सुरू झाला. तेव्हा तिने काही विचार केला असं म्हणता येणार नाही. ती खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली आणि तिने आपलं कपाळ रामटेकेच्या कपाळाला टेकवलं. तो मागे सरला नाही.

“बटण मी अर्धं दाबलं होतं,” ती म्हणाली. “उजेड दिसायच्या आधी. कुणाला माहीत नाही. मी ते पुरतं दाबलं असतं असंच मला वाटतं. पण आत जाऊन मी नाही म्हणणार आहे. हो म्हटलं तर माझ्या हाताची चाळीस यंत्रं तुमच्याकडे येतील. मी खोटं बोलत्येय असं तुम्ही उठून सांगितलंत, तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. तो तुमचा हक्क आहे.”

त्याचा श्वास तिच्या चेहऱ्यावर लागत होता, जड आणि तुटक. ती उठली आणि आत गेली.

मंडळाच्या अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होत्या, साठी उलटलेल्या, करड्या आवाजाच्या. त्यांनी पडद्यावर ते चित्र पुन्हा दाखवलं. दार, पसरलेले हात, वाकणं, उजेड. मग ते पुन्हा पसरलेल्या हातांवर आणून थांबवलं आणि कायद्याने ठरलेला प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारला.

“नाही,” कस्तुरी म्हणाली. “तो हात माझा नाही. मी थांबले असते.”

सबनीसांनी डोळे मिटले. दलाचा वकील उठला आणि तिला सोलून काढायला लागला. दीड वर्षाचा अंदाज एवढा अचूक, मग याच वेळी कसा चुकला? तुमचं बोट कुठे होतं? बटणावर होतं, ती म्हणाली. दाबलं होतं? नोंद पाहा, ती म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. मागच्या ओळीत उमेश बसला होता. रिमोट घेऊन ती काय करत होती ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आता तो आपल्या चपलांकडे बघत होता.

वस्तीच्या वकिलाने वेगळीच तयारी केलेली. बाई गोळी झाडणारीच होती, हे सिद्ध करून तिला शिक्षा व्हावी, असा त्याचा रोख होता, आणि त्याच्या अशिलाच्या बायकोचा जीव गेलेला असताना दुसरा रोख असणार तरी कसा. तो उठायच्या बेतात होता, तेवढ्यात रामटेकेने बोट वर केलं. अध्यक्षबाईंनी त्याला बसूनच बोलायला सांगितलं, खरं तर उभं राहायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी विचारलं की या साक्षीला आपली काही हरकत आहे का.

कस्तुरीला वाटलं, आता सुटले, आता हा माणूस खरं सांगून टाकील आणि मला एकदाचं धरतील. त्या वेळी तिला ते मनापासून हवं होतं.

“नाही जी,” रामटेके म्हणाला. पडद्यावर अजून त्याची बायको हात पसरून उभी होती. तो तिच्याकडे बघत होता. “बाई खरं बोलून राह्यली. हिनं नसती मारली.”

त्याचा वकील खाली बसला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. संध्याकाळच्या आत निकाल लागला. जुळी अप्रमाणित, नकला नष्ट करायच्या, चाळीस यंत्रं जागेवर, वस्तीशी बोलणी करायची. हवालदार कस्तुरी फडतरे हिच्यावर कसलाही ठपका नाही. दलातून मात्र तिने आपण होऊन जावं, हे सबनीसांनी दारातच सांगितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तिने त्यावर वाद घातला नाही.

बाहेर रामटेकेची गाडी उतरती फळी लावून उभी होती. खुर्ची वर चढायच्या आत कस्तुरी धावत तिथे पोचली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. आभार मानणं विचित्र होतं, माफी मागणं त्याहून. ती त्याच्या पुढ्यात वाकली, डोळे मिटले, आणि दुपारसारखं कपाळ पुढे केलं.

काहीच लागलं नाही. तिने डोळे उघडले. रामटेके तिच्याकडेच पाहत होता. मग त्याने दोन्ही हातांनी गळ्याचा पट्टा धरला आणि ते त्याला न पेलणारं डोकं, मध्ये थांबून, दम खाऊन, पुन्हा जोर लावून, पलीकडे वळवलं. भिंतीकडे तोंड होईपर्यंत वळवलं. मग चाचपडत खुर्चीचं बटण शोधलं आणि दाबलं. खुर्ची फळीवरून गाडीत गेली.

कस्तुरी तशीच वाकलेली होती. गाडी फाटकाबाहेर पडली तरी तिला सरळ व्हायचं सुचलं नाही. मागून पावलं वाजली, आणि दोन पावलं अलीकडे थांबून उमेश खोकला.